नावापुढचा आकडा

या महिन्यात अकरा पत्रं आली, त्यातली सात बुद्धिबळाच्या सांघिक सामन्यांबद्दलची. सुट्टीत आपल्या भागात सांघिक स्पर्धा झाल्या, आणि परदेशातल्या लीगचे तक्ते आता पोरं मोबाईलवर रोज बघतात, त्यामुळे असेल. म्हणून या वेळचं सदर संघांनाच दिलं आहे. मिरजेच्या एका ताईंच्या पत्राला जास्त जागा लागली. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

जर्मनीच्या बुद्धिबळ बुंडेसलिगाच्या एका सामन्याचा तक्ता पाहिला. एका संघाच्या खेळाडूंसमोर १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ असे आकडे होते. पट तर आठच, म्हणजे संघाचे खेळाडूही आठच. मग बारा नंबरचा खेळाडू कुठून आला? आणि विश्वनाथन आनंद यांच्यासारखं मोठं नाव यादीत असूनही बऱ्याच सामन्यांत का दिसायचं नाही? (एक वाचक, विटा)

तुम्ही पाहिलेले आकडे पटांचे नाहीत, यादीतले आहेत. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लब आपल्या खेळाडूंची क्रमवार यादी देतो. पट आठ असले तरी यादीत नावं त्याहून पुष्कळ जास्त असतात. एकदा दिलेला क्रम हंगामभर मोडता येत नाही. सामन्याच्या दिवशी जे आठ जण हजर असतील ते त्याच क्रमाने बसतात. वरचा कुणी आला नाही तर खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. तुमच्या तक्त्यात २, ५, ८ आणि ११ नंबरचे आले नव्हते. म्हणून ३ नंबरचा दुसऱ्या पटावर, ९ नंबरचा सहाव्या पटावर आणि १२ नंबरचा आठव्या पटावर बसला.

यामुळे एक गोष्ट होते, तीच नीट लक्षात घ्या. ९ नंबरचा खेळाडू एका शनिवारी आठव्या पटावर खेळतो, पुढच्या शनिवारी वरचे चार जण गैरहजर राहिले की पाचव्यावर. समोरचा प्रतिस्पर्धी एकदम वेगळ्या ताकदीचा. हंगाम संपल्यावर त्याच्या नावापुढे ११ डावांत ६ गुण असा एकच आकडा उरतो, आणि ते सहा गुण कुणाविरुद्ध, कितव्या पटावर मिळवले हे त्या आकड्यात कुठेच नसतं. त्यासाठी प्रत्येक सामन्याचा तक्ता उघडावा लागतो. मी उघडतो. मला त्यात खरंच आनंद मिळतो.

रंगसुद्धा बघा. तिथे यजमान संघाला विषम पटांवर काळी मोहरी असतात. म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या पटाला काळी. आमच्या काळात पोरं पांढऱ्यासाठी भांडायची. इथे भांडायला वावच नाही, सगळं आधीच ठरलेलं.

आनंद यांचं म्हणाल तर ते बाडेन-बाडेन क्लबच्या यादीत होते. १९८० पासून ही लीग एकाच गटात चालते, सामने बहुतेक शनिवार-रविवारी होतात, आणि मोठे ग्रँडमास्टर जगभरच्या स्पर्धांतून वेळ काढून दोन-चार आठवड्यांपुरते येतात. यादीत नाव आहे म्हणजे माणूस दर आठवड्याला हजर, असा अर्थ काढू नका. २०२० च्या फेब्रुवारीत ते याच लीगसाठी जर्मनीला गेले होते. मार्चच्या मध्यावर परतायचं होतं, तोवर कोरोनामुळे विमानं बंद झाली आणि घरी पोचायला मे अखेर उजाडली. क्लबच्या सामन्यांसाठी गेलेला माणूस तीन महिने परक्या देशात अडकला. लीगचा तक्ता बघताना मला ते अजून आठवतं.

आमच्या चार जणांच्या संघात एक मुलगा बाकीच्यांपेक्षा कच्चा आहे. त्याला पहिल्या पटावर बसवला तर तो डाव जाईल, पण उरलेले तिघे एकेक पट खाली सरकून जिंकतील. ही युक्ती योग्य आहे का? (एक प्रशिक्षक, तासगाव)

आधी स्पर्धेचं नियमपत्रक वाचा. बऱ्याच ठिकाणी क्रम मानांकनानुसारच, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या अधिकृत आकड्यानुसारच, द्यावा लागतो, किंवा ठरावीक गुणांपेक्षा जास्त फरक चालत नाही. तिथे प्रश्नच मिटला.

जिथे मोकळीक आहे तिथेही मी असं करणार नाही. त्या मुलाला पाच फेऱ्या पाच वेळा मरायला पाठवायचं आणि संध्याकाळी बक्षीस सगळ्यांनी मिळून घ्यायचं, हे मला पटत नाही. तो मुलगा पुढच्या वर्षी येणार नाही.

मोकळीक वापरायची ती कशी, हे २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेत, दिसलं. तिथे चार पट आणि एक राखीव. भारतीय संघात सर्वांत जास्त मानांकन अर्जुन एरिगैसीचं होतं, तरी तो तिसऱ्या पटावर बसला आणि पहिल्या पटावर गुकेश. गुकेशला तिथे बळी द्यायला बसवला नव्हता, तो पट त्याला पेलणार हे माहीत होतं म्हणून बसवला. त्याने १० डावांत ९ गुण केले, अर्जुनने ११ डावांत १०. दोघांनाही आपापल्या पटाचं सुवर्ण मिळालं आणि संघाने अकरा सामन्यांत फक्त एक बरोबरी सोडली. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने चौथा पट सांभाळला. महिलांच्या संघात नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ केले, आणि त्या संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.

क्रमाची चिठ्ठी देताना मात्र हात जागेवर ठेवा. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आमच्या संघाचा कर्णधार होतो. रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी स्पर्धेच्या ठिकाणी पोचलो, घाईत चिठ्ठी लिहिली आणि तिसरं-चौथं नाव आधी दिलेल्या यादीच्या उलट पडलं. पोरं चिठ्ठीप्रमाणेच बसली. अर्धा तास खेळ झाल्यावर समोरच्या कर्णधाराने हरकत घेतली आणि त्या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे दोन्ही पट आमच्या विरोधात गेले. पंचांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती आणि शिक्षा दोन पोरांना झाली. एकाची बाजू तर चांगली वर होती. तेव्हापासून मी चिठ्ठी लिहिली की आधी मोठ्याने वाचून दाखवतो, खेळाडूंना एकेक करून 'तू कितवा?' म्हणून विचारतो आणि मगच सही करतो. तुम्हीही तसं करा.

सर, माझा मुलगा अकरावीत आहे. पाच फेऱ्यांच्या सांघिक मानांकन स्पर्धेत तो पहिल्या पटावर खेळला आणि त्याचे दीड गुण झाले. चौथ्या पटावरच्या मुलीचे साडेचार. संघ तिसरा आला. बक्षीस घेऊन उतरल्यावर ओळखीचे एक गृहस्थ सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, 'संघ त्या पोरीनं ओढला, तू नुसती खुर्ची अडवलीस.' त्या दिवसापासून त्याने पट उघडलेला नाही. निकालाचा तक्ता आणि त्याच्या स्कोअरशीटच्या झेरॉक्स पाठवत आहे. त्याची समजूत काढू नका, खरं काय ते सांगा. (एक आई, मिरज)

ताई, खरं तेच सांगतो. सगळे कागद मी पाहिले. एकदा पाहिले, मग दुसऱ्या दिवशी पट मांडून पाचही डाव पुन्हा खेळून पाहिले.

मी चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर खतावणी लिहिली. तिथे कुणी नुसतं 'पाच पोती विकली' असं सांगितलं तर आम्ही पेन उचलत नसू. दर काय लागला? हे कळल्याशिवाय रक्कम मांडायची कशी? सांघिक स्पर्धेत गुण म्हणजे पोती आणि समोरच्या खेळाडूचं मानांकन म्हणजे दर. त्या गृहस्थांनी पोती मोजली आणि निघून गेले.

आता दर मांडू. तुमच्या मुलाचं मानांकन १९६०. त्याच्या पाच प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढली, ती २१८० भरते. या स्पर्धेत प्रत्येक संघाने आपला सर्वांत तगडा खेळाडू पहिल्या पटावर बसवला होता, त्यामुळे पाचही फेऱ्यांत त्याच्यासमोर समोरच्या संघाचा म्होरक्याच होता. एक दिवसही हलका गेला नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, कोष्टकानुसार दोनशे वीस गुणांनी वरच्या माणसांशी पाच डाव खेळून त्याच्याकडून साधारण १.१ गुणांची अपेक्षा होती. त्याने १.५ केले. फरक ०.४. त्याच्या वयाला के-फॅक्टर, म्हणजे या फरकाला गुणायचा आकडा, ४० लागतो, म्हणजे या 'खुर्ची अडवण्याने' त्याचं मानांकन सोळाच्या आसपास वाढणार आहे. पुढची यादी आली की बघा.

दुसरा हिशेब कामगिरी मानांकनाचा. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी घ्यायची आणि मिळालेल्या गुणांच्या टक्केवारीनुसार तीत कोष्टकातला आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा. पाचात दीड म्हणजे ३० टक्के, त्याला वजा १४९. २१८० मधून १४९ गेले, राहिले २०३१. तुमचा १९६० चा मुलगा पाच दिवस २०३१ च्या ताकदीने खेळला.

चौथ्या पटावरच्या मुलीचाही हिशेब मांडतो, कारण तिच्या कौतुकात कणभरही कमी करायचं नाही. तिचं मानांकन १६१०, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १४८०. पाचात साडेचार म्हणजे ९० टक्के, त्याला अधिक ३६६. तिची कामगिरी १८४६. तिच्याकडून ३.४ ची अपेक्षा होती, तिने ४.५ केले, तिचे चव्वेचाळीस गुण वाढतील. तिच्या स्वतःच्या पातळीच्या मानाने ती तुमच्या मुलापेक्षाही चांगली खेळली, हे त्यालाही सांगा. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर ज्या सांगलीने दिली, तिथे या मुलीकडे लोकांचं लक्ष जायलाच हवं. पण तिच्या साडेचारने तुमच्या मुलाचा दीड मोजता येत नाही. दोन्ही पटांवर समोर बसणाऱ्यांत सातशे गुणांचं अंतर आहे.

ऑलिंपियाडमध्येही २००८ पासून पटाची वैयक्तिक पदकं कामगिरी मानांकनावरच देतात. वर बुडापेस्टचे आकडे दिले आहेत, ते पुन्हा बघा. गुण अर्जुनचे जास्त, दहा. पण कामगिरी गुकेशची ३०५६ आणि अर्जुनची २९६८. कारण तोच, पहिल्या पटावर दर चढा लागतो.

आता तिसऱ्या फेरीबद्दल. हा डाव मी तीन वेळा खेळून पाहिला. त्याची मोहरी काळी, समोरचा त्याच्यापेक्षा तीनशे गुणांनी वर. बेचाळिसाव्या खेळीपर्यंत एक प्यादं गेलेलं, आणि पुढे दोघांकडे एकेक हत्ती आणि पांढऱ्याकडे एकच जादा प्यादं असा शेवट उरला. पांढरं प्यादं ई-५ वर, पांढरा राजा डी-५ वर. तुमच्या मुलाने राजा ई-८ वर, बरोबर प्याद्याच्या वाटेत नेऊन ठेवला आणि हत्ती सहाव्या ओळीत एच-६ वर उभा केला, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकता येऊ नये. मग नऊ खेळ्या तो हत्ती त्या ओळीतून हलवलाच नाही, फक्त आडवा सरकवत राहिला. समोरच्याने वाट पाहून पाहून शेवटी प्यादं ई-६ वर ढकललं. त्याच क्षणी याने हत्ती उचलून थेट एच-१ वर नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. प्यादं पुढे गेल्यामुळे पांढऱ्या राजाला लपायला जागाच राहिली नाही. आठ शह झाले आणि समोरच्याने बरोबरी मान्य केली.

स्कोअरशीटवर त्याने वेळही टिपली आहे. हत्ती एच-१ वर नेला तेव्हा त्याच्याकडे तीन मिनिटं होती. ही जागा खूप जण पुस्तकात वाचतात. सामन्यात, तीन मिनिटांत, शेजारच्या पटांवर गडबड सुरू असताना नऊ खेळ्या हाताला आवर घालणं वेगळं. मी तिथे असतो तर खुर्चीवरून उठून उभा राहिलो असतो.

आणि त्या फेरीचा निकाल बघा. संघ अडीच-दीडने जिंकला. त्यातला अर्धा गुण याचा. हा हरला असता तर दोन-दोन, आणि संघाला दोनऐवजी एकच सामना-गुण मिळाला असता. अंतिम तक्त्यात तिसऱ्या आणि चौथ्या संघात एकाच सामना-गुणाचा फरक आहे. तुमच्या घरात जे कांस्य पदक आलं आहे, त्यात तो हत्ती आहे.

खरं सांगायचं ठरलं आहे तर चुकाही सांगतो. दुसऱ्या फेरीत सुरुवातीच्या अकरा खेळ्या त्याने न विचार करता भराभर केल्या आणि बाराव्या खेळीला घोडा अडकला. तो डाव त्याने स्वतः घालवला. पाचव्या फेरीत बरोबरी घेतली तेव्हा त्याची बाजू जरा वर होती, पुढे खेळायला हवं होतं. या दोन्ही जागांवर मी झेरॉक्सवर लाल खूण करून परत पाठवतो आहे.

ज्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात बसून पिढ्यान्‌पिढ्या पोरं पटाशी आणली, त्या गावाच्या शेजारी कुणाच्या एका वाक्यामुळे एखाद्याने पट मिटून ठेवावा, हे मला सहन होत नाही. त्याला एवढंच सांगा, दुसऱ्या फेरीतल्या बाराव्या खेळीला काय करायला हवं होतं ते लिहून पाठव. मी उत्तराची वाट बघतो आहे.

ग्लोबल चेस लीगमध्ये एका डावाचे चार गुण कसे काय? (एक वाचक, इस्लामपूर)

त्या लीगचा हिशेबच निराळा. पहिली २०२३ मध्ये दुबईला झाली. संघात सहा जण, त्यात दोन महिला आणि एक तरुण खेळाडू असलाच पाहिजे. एका सामन्यात संघाच्या सहाही पटांवर एकच रंग असतो. काळ्याने जिंकणं अवघड म्हणून त्याला ४ गुण, पांढऱ्याने जिंकलं तर ३, बरोबरीला १. त्यामुळे तिथला १२ चा आकडा आणि साध्या लीगमधला ६ चा आकडा एकमेकांशेजारी मांडू नका. महिला खेळाडूची अट म्हणाल तर इंग्लंडकडच्या फोर नेशन्स लीगच्या वरच्या गटातही ती आहे. तिथे पट आठ. आपल्याकडच्या स्पर्धांनीही ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

तक्त्यात एका खेळाडूसमोर एक आणि शून्याऐवजी अधिक-उणेच्या खुणा होत्या. (एक वाचक, जत)

समोरचा आलाच नाही, डाव झाला नाही. गुण संघाला मिळतो, मानांकनासाठी धरत नाहीत.

सामना चालू असताना कर्णधार खेळाडूला 'बरोबरी घे' असं सांगू शकतो का? (एक वाचक, कवठे महांकाळ)

स्पर्धेच्या नियमात मनाई नसेल तर बरोबरी मागायला, स्वीकारायला किंवा डाव सोडायला सांगता येतं. पण पंचांच्या देखत, थोडक्यात, आणि पटावरच्या स्थितीबद्दल एक अक्षर न बोलता. 'तुझी बाजू वर आहे, घेऊ नको' हे चालत नाही. 'घेऊ नको' चालतं. पटाकडे बघून मान हलवणं, उसासा टाकणं, खोकणं हेही चालत नाही. पंच म्हणून मी दोन कर्णधारांना याच कारणासाठी पटांपासून लांब उभं केलं आहे.

काका, मी सहावीत आहे. आमच्या शाळेचा संघ झालाय. निकाल लिहायला वही केली आहे. त्यात काय काय लिहू? (एक विद्यार्थिनी, पलूस)

शाब्बास! प्रत्येक फेरीला एक पान दे. वर तारीख, गाव आणि समोरचा संघ. खाली चार ओळी, एका पटाला एक. प्रत्येक ओळीत पट कितवा, आपल्या खेळाडूचं नाव, रंग, समोरच्याचं नाव आणि मानांकन असेल तर ते, शेवटी निकाल. राखीव बसलेल्या मुलीचं नावही लिही, तीही आली होती. तळाला दोन ओळी मोकळ्या ठेव आणि त्या दिवशी जे लक्षात राहिलं ते तिथे लिही.

आणि पेन्सिलीने लिही. माझ्याकडे १९७८ पासूनच्या वह्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा खालच्या कप्प्यातल्या नऊ वह्या दोन दिवस पाण्यात होत्या. गच्चीवर दोरीला लावून वाळवल्या. शाईने लिहिलेली पानं निळी होऊन गेली, त्यावरचं एकही नाव वाचता येत नाही. पेन्सिलीने लिहिलेल्या चार वह्या मात्र जशाच्या तशा आहेत, पट, रंग, निकाल सगळं वाचता येतं. तुझ्या पहिल्या पाच फेऱ्या झाल्या की त्या पानांचे फोटो मला पाठव.